ऑपरेटरची सवय

वडपे, गोदामामागची शेड
मंगळवार

प्रिय उन्नती,

उद्या किंवा परवा एजन्सीचा सुपरवायझर मितेश उरणला आक्काच्या घरी येईल. त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद असेल. चार नंबरची फोर्कलिफ्ट मशीन तुझ्या निष्काळजीपणामुळे रॅम्पवरून खाली गेली आणि लोडर रघूचा पाय चाकाखाली आला, असं त्यावर लिहिलेलं असेल. खाली तुझं नाव आणि सहीला जागा. सही झाली की चौकशी बंद आणि तुझं ऑपरेटरचं कार्डही बंद, पुन्हा कुठल्याही गोदामात तुला मशीनवर बसता येणार नाही. तू सही करायला तयार आहेस असं आक्काने काल फोनवर सांगितलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत पेन हातात घेऊ नकोस.

फोन केला असता. पण फोनवर तू "हां बाबा, बरी हाय" एवढंच म्हणतेस आणि आक्काच्या हातात देतेस. माझंही तसंच. समोर इंजिन उघडं असलं तर मी तासभर बडबडेन, पण फोन कानाला लावला की जीभ टाळूला चिकटते. तुझे शाळेतले निबंध वाचून मी हसायचो, आता स्वतः तुझ्याच जुन्या वहीची पानं फाडून ऑइलच्या ड्रमवर बसलोय. पानावर बोटांचे डाग दिसतील, ते ग्रीसचे आहेत. आक्काचा भावेश टेम्पो घेऊन आलाय, चार वाजता माल उतरला की उरणला परत निघेल. तोवर लिहून व्हायला पाहिजे.

घरी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. ठीक काही नाही. तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते, तेही भांड्यांकडे बघून. मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसलो की पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. धाकटी तुळजा म्हणते, काय चिरडताय? काय सांगू तिला. परवा रिक्षाने मानकोलीला जाताना पुढे ट्रेलर आडवा आला, तर मी मागच्या सीटवर असा काही पाय दाबला की रिक्षावाल्याने वळून विचारलं, चाचा, गाडी तुम चलाओगे क्या. एकोणीस दिवस हेच चाललंय.

थांब, दोन नंबरवाला हाक मारतोय.

आलो. दोन नंबर तापली होती, दुसरं काय असणार. समोरच्या गाळ्यात लूमवाल्यांचा सुताचा माल उतरला की हवेत तंतू उडतात आणि रेडिएटरच्या जाळीवर बसून गोधडी शिवतात. ड्रायव्हर पाणी ओतून ओतून दमतो, जाळीकडे मात्र बघत नाही. तुला मी सगळ्यात आधी हेच दाखवलं होतं. तू तेव्हा खोक्यांवरचे बारकोड स्कॅन करायला लागली होतीस आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेडमध्ये यायचीस. हवा नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायची, बाहेरून मारली तर कचरा आणखी आत जातो, हे मी एकदाच सांगितलं आणि तू ते धरलंस. इथल्या बाप्या ड्रायव्हरांना मी हे दहा वर्षं सांगतोय. तुला मशीनवर बसवायचं माझ्या मनात त्या दिवशी आलं. तू हट्ट केलास असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण खरं तर हट्ट माझाच होता.

गावात काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे. केसरीनाथ, पोरीला काय हमाल करतोस काय? मी म्हणायचो, तुमचे पोरगे जमिनी विकून घेतलेल्या बुलेटवर दिवसभर हिंडतात, माझी पोर तीन टन उचलते, जरा जपून बोला. आतून मात्र धाकधूक होती. म्हणून तर फोर्कवर पाण्याने काठोकाठ भरलेली बादली ठेवून तुला गोदामाच्या चकरा मारायला लावल्या. पहिल्या दिवशी अर्धी बादली सांडली, आठव्या दिवशी थेंब सांडला नाही. तू उतरून मला म्हणालीस, आता डोक्यावर हंडा ठेवून चालवू काय. मी तोंड फिरवलं, कारण हसलो असतो तर तू शेफारली असतीस.

तू धुराचे रंग वहीत लिहून घेतले होतेस. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, आधी एअर फिल्टर बघ. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा सकाळी पहिली दोन मिनिटं असेल तर सोडून दे, राहिला तर बाबांना बोलव. ते पान आज समोर आहे, वही तुझीच ना. "बाबांना बोलव" याच्याखाली तू दोन रेघा मारल्यात. ते वाचून मी मघाशी उठलो आणि उगाच शेडला एक फेरी मारून आलो.

रजिस्टरबद्दल लिहायचंय मला. प्रत्येक मशीनला सुतळीने एक वही बांधलेली असते. सकाळी मशीन तपासून त्यात लिहायचं, असा नियम. आपले लोक सोमवारी एकाच पेनने शनिवारपर्यंतचे टिकमार्क मारून मोकळे होतात, आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही. तू मात्र रोज मशीनभोवती फिरायचीस. ऑइलची कांडी, चाकांचे नट, वर जाणारी साखळी, डिझेल फिल्टरमधलं पाणी, सगळं बघायचीस. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक दाबून बघायचीस. लोक हसायचे, म्हणायचे उन्नती सकाळी मशीनची पूजा करते. मलाही गंमत वाटायची. अभिमानही वाटायचा, पण तो तुला कधी दाखवला नाही.

मग दिवाळीनंतर भाड्याची ती पिवळी मशीन आली, आपली चार नंबर. आपल्या तीन जुन्या मशीन एका कंपनीच्या, ही दुसऱ्या कंपनीची. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. तुला ती मिळाली म्हणून दोन पोरं रुसली होती. आल्या आल्या मी तिची सर्व्हिस केली. ऑइल बदललं, ग्रीस मारलं, ब्रेकच्या छोट्या टाकीत तेल कमी होतं ते भरलं. तिच्यासोबत एक जाड पुस्तक आलं होतं, ते मी उघडलंही नाही. चोवीस वर्षं मशीन उघडणारा माणूस पुस्तक बघतो होय, असं मी शेडमध्ये चार जणांसमोर म्हणालो होतो. तूही होतीस तिथे.

आठवड्याने तू आलीस आणि म्हणालीस, "बाबा, पाय काढला तरी ब्रेक सुटत न्हाय. पुढच्या चाकातून जळका वास येतोय." मी एक नंबरच्या खाली आडवा होतो. ड्रायव्हरने डिझेल संपेपर्यंत चालवल्यामुळे तिच्या पाइपात हवा धरली होती आणि मी पंप मारून मारून ती काढत होतो, वैतागलेलो होतो. खालूनच ओरडलो, "ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस, मंग तापंल न्हाय तर काय व्हईल?" बाजूला उभे असलेले सगळे हसले. तू म्हणालीस, "पाय ठेवत न्हाय मी, बाबा." मी म्हणालो, नवीन माणसाला कळत नाही, पाय आपोआप जातो.

दुसऱ्या दिवशी तू रजिस्टरमध्ये लिहिलंस, ब्रेक गरम. तिसऱ्या दिवशी पुन्हा, ब्रेक गरम, वास. चौथ्या दिवशी पुन्हा. मी चाक हाताने फिरवूनही बघितलं नाही. तिन्हींसमोर एकदाच मोठा कंस काढून लिहिलं, "ऑपरेटरची सवय. मशीन ओके." आणि खाली सही केली. अक्षर माझं वाईट आहे, पण ती ओळ मी अगदी सुवाच्य लिहिली होती.

त्यानंतर मी तुझं चालवणं लांबून बघत होतो. तू पाय उचलून धरायचीस. सीटवर अवघडून, गुडघा वर ओढून चालवायचीस, मला दिसावं म्हणून. ते बघून मला वाटलं, सुधारतेय पोर.

अपघाताच्या शुक्रवारचं सगळं तुला माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही. फक्त एवढंच लिहितो की तू सगळं बरोबर केलं होतंस. भरलेली मशीन रॅम्पवरून उतरवताना उलटी उतरवायची, माल चढाच्या बाजूला ठेवायचा, हॉर्न द्यायचा, हे तू केलंस. तू ओरडलीस तेव्हा मी शेडमध्ये होतो. धावत आलो तर मशीन भिंतीला टेकलेली, रघू खाली बसलेला आणि तू सीटवर तशीच, स्टिअरिंग धरून. तुझी बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. तू स्टिअरिंग फिरवून मशीन भिंतीवर घातलीस म्हणून खालचे तिघे वाचले, हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

सोमवारी ऑफिसात चौकशी झाली. साहेबांनी रजिस्टर उघडून माझी ओळ मोठ्याने वाचली. तुला विचारलं, ब्रेक दाबला होतास का? तू आधी हो म्हणालीस. मग माझ्याकडे बघितलंस. मग खाली बघून म्हणालीस, "पाय चुकला आसंल. बाबा बोल्लेच व्हते, माझी सवय हाय तशी." मी तिथे टेबलापासून चार हातांवर उभा होतो. तुझं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. मशीनच्या आवाजात जात नाही, देवळातल्या आरतीत जात नाही, कशातच जात नाही.

भावेश विचारतोय, मामा, किती लिवतास? अजून माल उतरतोय त्याचा. लिहितो.

आता ते, जे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारी, म्हणजे चौकशीच्याही आधी, गोदामात कोणी नसताना मी चार नंबरचा मास्टर सिलेंडर उघडला. ब्रेकचं पेडल दाबलं की ज्याच्यातून तेल चाकांपर्यंत ढकललं जातं, तो. आतली रबरं बाहेर काढली. रात्रभर भिजवलेल्या वालासारखी फुगली होती आणि एक कडेने फाटलं होतं. असं कशाने होतं ते शिकाऊ मेकॅनिकही सांगेल. चुकीचं तेल. फुगलेलं रबर तेलाला परत येऊ देत नाही, म्हणून ब्रेक सुटत नाही, तापतो, वास येतो. मग एके दिवशी रबर फाटतं आणि पेडल सरळ खाली टेकतं.

आपल्या तिन्ही जुन्या मशीनच्या ब्रेकला हायड्रॉलिक ऑइलच चालतं. माल वर नेणारा मास्ट उचलायलाही तेच, ब्रेकलाही तेच, एकच निळा डबा. चार नंबरला वेगळं ब्रेक ऑइल लागतं. तिच्या टाकीच्या झाकणावर तसं लिहिलेलं आहे, उठावाच्या अक्षरात. मी झाकण फडक्याने पुसलं आणि वाचलं. ते झाकण सर्व्हिसच्या दिवशी मीच उघडलं होतं, माझा अंगठा त्याच अक्षरांवर असणार. तेव्हा निळा डबा उचलला आणि ओतला. मन दुसरीकडेही नव्हतं माझं. चोवीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही. सवय माझी होती, उन्नती. मी ती तुझ्या नावावर लिहिली.

आणि हे कळल्यावर मी काय केलं तेही ऐक. सगळे पाइप धुतले, नवीन रबरं बसवली, बरोबर तेल भरलं, हवा काढली. फुगलेली रबरं भंगारच्या ड्रममध्ये टाकली. रजिस्टरमध्ये लिहिलं, ब्रेक तपासला, ओके. सोमवारी त्या ऑफिसात मी उभा होतो ते हे सगळं पोटात घेऊन. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला माहीत होतं. मी घाबरलो होतो. नोकरी जाईल याला घाबरलो, आणि त्याहून जास्त, केसरीनाथच्या हातून चूक झाली हे शेडमधल्या पोरांना कळेल याला घाबरलो. तू रडत उरणला गेलीस तेव्हा मी तुझी पिशवी टेम्पोत ठेवली आणि म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या मनाचा बाप झालो होतो मी.

परवा रविवारी रघूकडे गेलो. पायाची दोन बोटं काढलीत, जखम भरतेय. खाटेवर बसून शेंगा सोलत होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पोरीला सांगा, जेवाया. ती सारा येळ सरका सरका वराडत व्हती, माज्या कानात हाय. पाय हाय माजा, बोटांचं काय." मला तिथे बसवेना. चहा तसाच ठेवून उठलो, पण दारातून परत फिरलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने शेंगा खाली ठेवल्या. मग म्हणाला, "मना सांगून काय व्हतंय, दादा? तिला सांगितलं का?"

म्हणून आज सकाळी आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं लिहून दिलं, तेलाचं, रबराचं, त्या कंसाचं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्यासमोर परत सरकवलं. म्हणाले, मुलीने तोंडी कबूल केलंय, तिची सही आली की फाइल बंद होते. ती काय, दुसरं काही करेल, लग्न होईल. तू गेलास तर या मशीन कोण बघणार? तुझ्यापासून काय लपवू, पोरी, ते ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. कागद खिशात घालून मी शेडपर्यंत आलोही होतो. मग स्वतःची अशी शिसारी आली की परत गेलो, कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, शिपायाकडून पोच घेतली, आणि मग तुझ्यापर्यंत काय पोहोचवता येईल ते शोधायला गेटवर दामूकडे गेलो.

दामू गेटवरच्या कॅमेऱ्यांकडे बघतो, तुला माहीत आहे. ऑफिसने फक्त वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघितलं होतं, त्यात तू आणि माल दिसतो, पाय दिसत नाहीत. खालच्या गेटचा कॅमेरा रॅम्पकडे तोंड करून आहे, तो कुणी उघडलाच नव्हता. महिना झाला की ते चित्र आपोआप पुसलं जातं. दामूने मला ते लावून दिलं. त्यात चार नंबर पाठमोरी दिसते, रॅम्पच्या माथ्यावर. फोर्कलिफ्टचा मागचा लाल दिवा पेडल दाबलं की लागतो, पुढे ब्रेक लागो वा न लागो. मशीन माथ्यावरून हलली त्याच क्षणी तो दिवा लागला. मग मशीन खाली येत राहिली, तुझं डोकं मागे वळलेलं, एक हात लोकांना बाजूला करतोय, आणि दिवा पेटलेलाच. रघूपर्यंत आली तरी पेटलेला. भिंतीला टेकली तरी पेटलेला. मी पळत फ्रेममध्ये येतो, तुझी बोटं सोडवतो, तुला उचलतो, तेव्हा कुठे तो विझतो. मी ते सात वेळा बघितलं, दामूने मोबाइलवर उतरवून दिलंय, भावेशच्या फोनमध्ये घातलंय, त्याच्याकडून घेऊन बघ. तू सीटवर बसून मागचा तो दिवा कधीच बघू शकली नसतीस, म्हणून हे पत्र लिहिलं. तुझा पाय चुकला नव्हता, बाय. सगळं संपल्यावरही तो ब्रेकवरच होता. मितेश आला की त्याला चहा दे, आणि सांग, त्या कागदावर माझ्या बापाचं नाव छापून आणा, तो सही करायला गेटवर उभा आहे.

तू म्हणशील का ते माहीत नाही, पण तुझाच,
बाबा